हजार पौंडांची फळी

२२ नोव्हेंबर १९७०, रविवार

फुटबॉलचा हंगाम एकदाचा संपला. दहा सामने खेळलो, एक जिंकलो, तोसुद्धा समोरच्या संघातल्या निम्म्या पोरांना गालगुंड झालं होतं म्हणून.

चर्च सुटल्यावर हेड कोच हॅस्क्यूने मला एकट्याला शाळेत बोलावलं. पडदे ओढलेले, प्रोजेक्टर चालू. शुक्रवारच्या सामन्याची फिल्म. आमचा क्वार्टरबॅक चेंडू घेतो, चार पावलं मागे सरकतो, कोणाकडे फेकावा म्हणून मान वर करतो, आणि तेवढ्यात समोरचे तिघं त्याच्या छाताडावर. हॅस्क्यूने फिल्म उलटी फिरवली, पुन्हा लावली. असं सहा वेळा.

"ही पुढची पाच पोरं कोणाची, ऑरव्हल?"

"माझी."

"काम काय त्यांचं?"

मी म्हणालो, समोरच्याला अडवायचं. क्वार्टरबॅकला बोट लागू द्यायचं नाही.

"मग हे काय चाललंय? दारात उभे राहून पाहुण्यांना या, बसा करताहेत."

त्यानं एकच विचारलं, पुढच्या हंगामात फळी सुधारेल की नाही. नसेल सुधारणार तर आत्ताच सांग, म्हणजे मी दुसरा माणूस बघतो. मी म्हणालो, सुधारेल. अकरा वर्षं या गावात आघाडीची फळी शिकवतोय, दुसरं मला काही येत नाही.

२५ नोव्हेंबर

केस कापायला गेलो. वस्तरा गळ्यावर टेकवून न्हावी विचारतो, "काय कोच, पुढच्या वर्षी सुधारणार का फळी?" अशा वेळी माणूस हो म्हणतो.

३ डिसेंबर

फळीला चार जण आहेत. मधला रेनफ्रो तर बैलच आहे, दोनशे चौदा पौंड. बाकीचे तिघं ठीक. अडचण डाव्या टोकाची. क्वार्टरबॅकची पाठ असते त्या बाजूला, त्याला दिसत नाही कोण येतंय ते. तिथे जो उभा राहील त्याच्यावर सगळं.

मी आर्लिस व्हॉइल्सला निवडलं. सोळा वर्षांचा, सहा फूट दोन इंच, पाय मांजरासारखे हलके. पण वजन एकशे चौसष्ट. वाऱ्यानं कुंपणाला अडकलेला कागद दिसतो. त्याला म्हणालो, ऑगस्टपर्यंत चाळीस पौंड वाढव, जागा तुझी. तो म्हणाला, "हो सर." बाप नाही. आई शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. खाऊ घालायची सोय घरातच झाली.

७ जानेवारी १९७१, गुरुवार

आज पहिलं वजन. आमच्या हॅलबर्ट गावाची ही जुनी रीत. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, गुरांचा लिलाव ऐन भरात असताना, फळीतले पाचही जण गुरांच्या काट्यावर एकत्र उभे राहतात. माझा मेहुणा वेल्डन लिलाव पुकारतो, तोच मग भोंग्यावरून आकडा सांगतो. पाचांचं मिळून एकच वजन. वेगवेगळं कधीच करायचं नाही, कारण फळी एक असते. हजार पौंड भरले ते शेवटचे अठ्ठावन्न साली, त्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकला होता.

आज भरले नऊशे एकोणतीस. वेल्डन भोंग्यावरून म्हणाला, "मंडळी, ही पाच वासरं अजून विकायला तयार नाहीत." सगळा बाजार खदखदून हसला. आर्लिसही हसला. मला ते आवडलं नाही.

८ जानेवारी

मिसेस व्हॉइल्सना शाळेत गाठून सगळं समजावलं. सकाळी सहा अंडी, ग्रेव्ही, बिस्किटं. रोज गॅलनभर दूध, त्यात वाटीभर मक्याचा पाक. झोपताना पीचची गोड पाई, साय घालून. त्यांनी ते सगळं मेनूच्या कागदाच्या मागे लिहून घेतलं आणि मला परत वाचून दाखवलं. फार नेक बाई. "कोच, कोणी तरी त्याच्यात इतकं लक्ष घालतंय हे मला पहिल्यांदाच दिसतंय," म्हणाल्या. मी जरा ओशाळलो.

४ मार्च, गुरुवार

नऊशे छप्पन्न. आर्लिस भरतोय. मान जाड दिसायला लागली.

२१ मार्च

आज त्याला रेनफ्रोसमोर उभं केलं. रेनफ्रोने पहिल्या तीन वेळा त्याला झोपवला. चौथ्या वेळी आर्लिसने त्याला कमरेत धरून असा काही मागे रेटला की बैल जाऊन कुंपणावर बसला. मी त्याला शाबास म्हणालो नाही. शाबास म्हटलं की पोरं तिथंच थांबतात. घरी येऊन मात्र बायकोला, नेल्डाला, दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "हे मला कशाला सांगतोस, त्याला सांग."

६ मे, गुरुवार

नऊशे ब्याऐंशी! वेल्डनने भोंग्यावरून टाळ्या मागितल्या आणि मिळाल्या. हॅस्क्यू स्वतः कठड्यावर येऊन बसला होता. जाताना म्हणाला, बरं चाललंय. अकरा वर्षांत त्याच्या तोंडून हे शब्द मी दुसऱ्यांदा ऐकले.

३ जून, गुरुवार

नऊशे शहाऐंशी. चारच पौंड वाढले. शाळेला सुट्टी लागली की पोरं हुंदडतात, खाणं विसरतात. पाचांनाही उन्हात टेकाडावर पळवलं.

१७ जून

मिसेस व्हॉइल्स घरी आल्या. नेल्डासमोर बोलायला लाजत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कोच, तो हल्ली रात्री सात-आठ वेळा उठतो. बाथरूमला. दोनदा तर... सोळा वर्षांचा मुलगा, मला सांगायलाही कसंतरी वाटतं."

मी म्हणालो, "अहो, दिवसाला गॅलनभर दूध ओततोय आपण त्याच्यात. ते कुठून तरी बाहेर येणारच."

त्या हसल्या, त्यांनाही पटलं. मग म्हणाल्या, खातो पण भरपूर, पूर्वीपेक्षा जास्त, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. मी सांगितलं, पाक दुप्पट करा.

१ जुलै, गुरुवार

आजचा दिवस खराब. नऊशे शहाऐंशीच. एक पौंड नाही वाढला. बाजार हसला नाही, ते जास्त लागलं.

रेनफ्रो तणतणत माझ्याकडे आला. "सर, आम्ही चौघं मरेस्तोवर खातोय. माझी आई म्हणते तुझे बटाटे आता परवडत नाहीत. मग आकडा हलत का नाही?" मी म्हणालो, तूच सांग. त्यानं मला बाजाराच्या मागे नेलं. तिथे गुरांच्या पाण्याचा हौद आहे. आर्लिस हौदात तोंड घालून पीत होता. गुरं बाजूला उभी. आम्ही दोघं मागे येऊन उभे राहिलो तरी त्याला पत्ता नाही. मी मनात मोजलं, एका दमात दीड-दोन शेर तरी गेलं असेल.

"पाणी पिऊन वजन भरतो, सर," रेनफ्रो म्हणाला. "काट्यावर चढायच्या आधी दर वेळी हेच करत असणार."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सहा महिने हा पोरगा मला शेंडी लावत होता. मी त्याची मानगूट धरून बाहेर काढलं. म्हणाला, "सर, फार तहान लागते." सबब तरी जरा बरी शोधायची.

त्याला वेल्डनच्या गुरांच्या गोठ्यात दोन तास बसवलं, पाण्याचा थेंब न देता. मग एकट्याला काट्यावर चढवलं. रीत मोडली खरी, वेल्डन कुरकुरला. एकशे एकोणऐंशी. कधी तरी दोनशेच्या घरात असणार हा, नाहीतर मेचा आकडा आलाच नसता. बाकीचे चौघं वाढवत होते आणि हा त्यांच्या वजनाच्या आड लपून गळत होता.

पोरांना सगळ्यांना बोलावून सांगितलं की चोर सापडला. आजपासून सरावात व्हॉइल्सला पाणी नाही. अंगावर मांस चढवून दाखवू दे, मग बघू. आर्लिस रडला नाही. "हो सर," म्हणाला. मला ते खोटं वाटलं.

४ जुलै

गावाच्या मिरवणुकीत फळीची पोरं ट्रॅक्टरमागच्या गाडीवर बसली होती. कोणी तरी आर्लिसच्या गळ्यात गुराची घंटा बांधली होती. लोकांना कारण माहीत असावं, कारण सगळे हसत होते. त्याची आई रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत होती. तिला वाटलं असेल, गंमत चाललीय. मी घंटा काढायला सांगणार होतो. नाही सांगितलं. अशानं पोरं एकमेकांना सरळ करतात, कोचला बोलावं लागत नाही.

२० जुलै

आर्लिस माझ्या खुणा चुकतोय. मी वीस यार्डांवरून हात उजवीकडे करतो, हा डोळे बारीक करून बघतो आणि डावीकडे जातो. विचारलं तर म्हणतो, "धूसर दिसतं, सर." मी म्हणालो, दिसतंय सगळं, बघायचं नाहीये तुला.

त्याच्या जागी दुसरा बघावा का? नववीतला स्टॉकर्ड आहे, जाडजूड, पण पाय शिशाचे. आर्लिसचे पाय मी विसरू शकत नाही. मार्चमधल्या त्या दिवशीचा तो कुठे गेला, हेच मला कळत नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येतो तो यासाठी की मला तो आवडायचा.

५ ऑगस्ट, गुरुवार

नऊशे सत्त्याऐंशी. त्याचं वेगळं केलं, एकशे अडुसष्ट. जिथून निघालो तिथेच आलो, चार पौंडांचा फरक. हॅस्क्यू म्हणाला, "ऑरव्हल, अकरा दिवसांनी सगळ्या संघाचा सराव सुरू होतोय आणि तू मला कुंपणाची काठी दाखवतोयस."

८ ऑगस्ट, रविवार

दरवर्षीसारखं फळीच्या पोरांना घरी जेवायला बोलावलं. नेल्डाने तळलेलं मांस, ग्रेव्ही, कणसं केली होती. आर्लिसने गोड चहाचा सगळा जग एकट्याने संपवला आणि तीनदा उठून आत गेला. माझ्या घरात मी काही बोललो नाही. बाकीची पोरं घंटेसारखा आवाज काढत होती, टण टण.

ती गेल्यावर नेल्डा भांडी आवरता आवरता म्हणाली, "त्या पोराच्या तोंडाला वास येतो. सफरचंद पिकून सडायला लागली ना की येतो तसा."

"दारू पीत असणार," मी म्हणालो.

"मी दारुड्याची मुलगी आहे, ऑरव्हल. दारूचा वास मला शिकवू नकोस. हा तो नाही. त्याला डॉक्टरकडे ने."

"सरावाच्या तोंडावर एकाला डॉक्टरकडे नेलं की उद्या चौघं रांगेत उभे राहतील."

"मग मी नेते."

"तू यात पडू नकोस."

ती ताटं आपटत होती. तिचं थोडं पटलं होतं मला. पण म्हटलं, पहिला आठवडा जाऊ दे. पहिल्या आठवड्यात खरं-खोटं आपोआप बाहेर येतं.

१६ ऑगस्ट, सोमवार

सराव सुरू. सकाळी एक, दुपारी एक. मैदान तव्यासारखं. मिठाच्या गोळ्या वाटल्या. पाणी कोणालाच नाही, सराव संपल्यावर प्रत्येकाला एक पेला. मी खेळायचो तेव्हाही असंच होतं आणि आम्ही मेलो नाही. आर्लिस दोनदा ओकला. पहिल्या दिवशी निम्मी पोरं ओकतात.

१७ ऑगस्ट, मंगळवार

दुपारच्या सरावात फळीच्या पाचांना मी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला वेगळं घेतलं होतं, तिथे आर्लिसने पाणी मागितलं. पहिल्यांदा हळूच, "सर, पाणी." मग चौघांसमोर, मोठ्यानं. सात वेळा मागितलं, मी मोजत होतो. त्याचा श्वास विचित्र चालला होता, खोल आणि भरभर, थांबलेला असला तरी. पाचव्या वेळी मी म्हणालो, "काट्यावर चढून दाखव, मग पाणी." रेनफ्रो जोरात हसला, टण टण म्हणाला, बाकीचे तिघंही हसले. सातव्या वेळी तो मला 'सर' म्हणाला नाही. 'मॉम' म्हणाला. मला ते किळसवाणं वाटलं. सोळा वर्षांचा घोडा.

त्याला मैदानाला चार फेऱ्या दिल्या. तीन मारल्या.

१८ ऑगस्ट, बुधवार

सकाळी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसलेला सापडला. एकाच पायात बूट. उठवला तर उठेना. मी दोन थपडा मारल्या. डोळे उघडे होते. मग मात्र माझी पाचावर धारण बसली. वेल्डनच्या पिकअपमध्ये घालून साठ मैल, काउंटीच्या हॉस्पिटलात. मी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. वारा होता तरी तो सफरचंदाचा वास येत राहिला.

डॉक्टर तरुण होता, इथला नव्हता. त्यानं रक्त काढलं, आत गेला, बाहेर आला. साखर, म्हणाला. रक्तात नुसती साखर झालीय, शरीर स्वतःलाच खात होतं. विचारलं, "वजन कधीपासून घटतंय?"

मी म्हणालो, "आम्ही वजन पाचांचं मिळून करतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला समजलं नाही, असं वाटून मी पुन्हा सांगितलं.

१९ ऑगस्ट

आर्लिस पहाटे गेला.

सराव झाला नाही. नेल्डा माझ्याशी बोलत नाही. तिनं पाहुण्यांच्या खोलीत अंथरूण घातलंय.

२२ ऑगस्ट, रविवार

काल पुरलं. अख्खं गाव होतं. चौघं फळीची पोरं आणि दोन काका खांद्याला होते. मी विसरायचं म्हणतो पण डोक्यात तेच येतं, पेटी हलकी असणार.

नंतर मिसेस व्हॉइल्सच्या घरी गेलो. ओट्यावर मक्याच्या पाकाचे सहा डबे रचून ठेवले होते, न उघडलेले. मला बघून त्या उठल्या, खुर्ची दिली. म्हणाल्या, डॉक्टर सांगत होता की या आजारात तहान फार लागते, जीव नुसता पाणी पाणी करतो. मग माझा हात धरून विचारलं, "कोच, तिथे मैदानावर त्यानं पाणी मागितलं होतं का? मला फक्त एवढं सांगा. नाही तर मला झोप लागणार नाही."

मी म्हणालो, "नाही. एकदाही नाही. शेवटपर्यंत खंबीर होता तुमचा मुलगा."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण उतरला. म्हणाल्या, "तो असाच होता. कधी काही मागायचा नाही." दारातून निघताना मला वाटलं, बरं केलं. दुसरं काय सांगायला हवं होतं?

२४ ऑगस्ट

मिसेस व्हॉइल्सनी हे हॅस्क्यूला सांगितलं, हॅस्क्यूने आज सगळ्या संघाला सांगितलं. टोपी काढून उभा होता. म्हणाला, मरणाची तहान लागली असताना त्या मुलाने एकदाही पाणी मागितलं नाही, आणि तुम्ही दोन फेऱ्यांत माना टाकता. लहान पोरं रडली. मी माझ्या चौघांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. रेनफ्रोचा जबडा हलत होता. तो तिथंच तर होता, हसत होता. मला वाटलं, आता हा तोंड उघडणार. त्यानं मान खाली घातली.

१० सप्टेंबर, शुक्रवार

पहिला सामना. सत्तावीस-सहा, जिंकलो. क्वार्टरबॅकच्या जर्सीला मातीचा डाग नाही. डाव्या टोकाला स्टॉकर्ड होता, पाय शिशाचेच, पण बाकीचे चौघं असे काही खेळले की त्याच्यापर्यंत कोणी पोचलंच नाही. रेनफ्रोने समोरच्या एका पोराचं मनगट मोडलं आणि मागे वळूनही बघितलं नाही. अकरा वर्षांत अशी फळी माझ्या हातून झाली नव्हती. चौघंही मध्यंतरात एक शब्द बोलले नाहीत. न्हावी मैदानात धावत येऊन माझ्या गळ्यात पडला.

मिसेस व्हॉइल्स पहिल्या रांगेत होत्या.

१३ सप्टेंबर, सोमवार

आज ऊन ऑगस्टसारखं होतं. जेवताना नेल्डा, चार आठवड्यांत पहिल्यांदाच, बोलली. "पाणी तरी देतोस का आता?" एवढंच. दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरातून मोठी बादली मागून घेतली, बर्फ घातला, पाणी काढायला डाव घेतला आणि स्वतः उचलून मैदानावर नेली. हॅस्क्यू बघत होता. बघू दे म्हटलं.

शिट्टी वाजवून फळीला बोलावलं. पाचही जण घामानं निथळत आले, ओठांवर पांढरं साचलेलं. मी म्हणालो, प्या.

कोणी हललं नाही. स्टॉकर्डने हात पुढे केला, मग रेनफ्रोकडे बघितलं आणि मागे घेतला.

"अरे, पाणी आहे. प्या म्हणतोय ना."

"आम्हाला तहान नाही, सर," रेनफ्रो म्हणाला.

मी म्हणालो, हा माझा हुकूम आहे. रेनफ्रो माझ्या डोळ्यांत बघत होता. आवाज अगदी अदबीचा. "आर्लिसने मागितलं नव्हतं ना, सर. तुम्हीच सांगितलंत त्याच्या आईला."

डाव माझ्याच हातात होता. खरं काय ते आम्हा सहा जणांना माहीत आहे, एक स्टॉकर्ड सोडून पाच म्हणू. मी तोंड उघडलं. पलीकडे स्वयंपाकघराच्या पायरीवर मिसेस व्हॉइल्स एप्रनला हात पुसत उभ्या होत्या, इकडेच बघत होत्या.

मी म्हणालो, "चला, जागा घ्या."

पोरं वळली आणि धावत गेली. स्टॉकर्डचा पाय मध्येच लटपटला. रेनफ्रोने त्याला दंडाला धरून सरळ उभा केला, ओळीत लावला, आणि पाचही जण एकदम खाली वाकले.